उंची सीडी प्लेअरची पारख

ज्या काळात जगातील बहुतेक ध्वनिमुद्रित संगीत खिशातल्या फोनवर, महिन्याकाठी किरकोळ वर्गणी भरून, हवे तेव्हा आणि हवे तेवढे ऐकता येते, त्या काळात केवळ तबकड्या वाजवण्यासाठी म्हणून काही लाख रुपयांचे यंत्र विकत घ्यावे की काय, असा प्रश्न जो गृहस्थ विचारतो, त्याला वेड्यात काढण्याची घाई करू नये. त्याच्या घरी बहुधा कपाटभर तबकड्या असतात. त्यांतील कित्येक आता कोणत्याही दुकानात मिळत नाहीत, आणि काहींवरील गायनवादन फोनवरच्या भांडारात एक तर नसते, किंवा असले तर मूळ मुद्रणातील चढउतार सपाट करून, सगळाच आवाज एका पट्टीत चढवून, नव्याने सिद्ध केलेल्या रूपात असते. असा संग्रह हा एक ऐवज आहे, आणि ऐवज राखायचा तर तो वाचणारे यंत्रही राखावे लागते. प्रस्तुत प्रकरण अशा संग्राहकासाठी आहे, आणि त्यातला माझा पक्ष मी आरंभीच नमूद करून ठेवतो. उंची सीडी प्लेअर घेऊ पाहणारे लोक आतल्या चिपचे नाव, पेटीचे वजन आणि समीक्षकांनी उधळलेली विशेषणे यांचीच चौकशी अधिक करतात. माझ्या मते पहिली चौकशी व्हावयास हवी ती तबकडी वाचणाऱ्या यंत्रणेची, आणि त्या चौकशीतही पहिला प्रश्न असा हवा की, आणखी पंधरा वर्षांनी ही यंत्रणा निकामी झाली तर ती बदलून देणारा कोणी राहील काय.

हा पक्ष का घ्यावा लागतो हे समजण्यासाठी तबकडीचीच थोडी ओळख करून घेतली पाहिजे. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीने ८ मार्च १९७९ रोजी आइंडहोव्हन येथे वार्ताहरांना आपली नवी तबकडी वाजवून दाखवली. त्यानंतर जपानच्या सोनी कंपनीशी तिचा करार झाला, १९८० मध्ये दोघींनी मिळून 'रेड बुक' या नावाने ओळखली जाणारी मानकसंहिता सिद्ध केली, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर १,६८,००० येनांना जपानच्या बाजारात आला. फिलिप्सचा प्लेअर युरोपात पुढच्या वर्षी पोहोचला. या संहितेची थोरवी अशी की, त्या दिवशी छापलेली तबकडी आज कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्रावर बिनतक्रार वाजते, आणि आज छापलेली तबकडी त्या वेळच्या यंत्रावर, ते जिवंत असल्यास, वाजते. गृहोपयोगी वस्तूंच्या जगात एवढी दीर्घ निष्ठा क्वचितच पाहावयास मिळते.

तबकडी म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्या छापील बाजूला लागून ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो, त्या थराखाली माहितीचे खळगे असतात, आणि वर लाखेसारख्या द्रव्याचे एक पातळ आवरण तेवढे असते. चकाकणाऱ्या खालच्या बाजूवरचा ओरखडा लोकांना भेडसावतो. परंतु त्या बाजूला मिलिमीटरभराहून अधिक जाडीचे प्लास्टिक संरक्षणास उभे आहे, तर छापील बाजूवर टोकदार पेनने लिहिलेले नाव सरळ माहितीलाच भिडते. खळगे एका सर्पिल रेषेत मांडलेले असून ती रेषा मध्याकडून कडेकडे जाते. तिच्या लगतच्या दोन वेढ्यांतले अंतर १.६ मायक्रॉन, खळग्याची लांबी एका मायक्रॉनहून किंचित कमीपासून सुमारे तीन मायक्रॉनांपर्यंत. रेषा सेकंदाला १.२ ते १.४ मीटर या ठरीव वेगाने वाचली जावी असा दंडक असल्यामुळे ७४ मिनिटांच्या तबकडीवरील रेषा उलगडली तर ती पाच किलोमीटरांहून लांब भरते, आणि याच दंडकामुळे तबकडी मध्याजवळ मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते व कडेशी पोहोचेपर्यंत तिची गती २०० फेऱ्यांवर उतरते.

ही रेषा वाचण्याचे काम ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर करतो. खळग्यांची खोली अशी योजलेली असते की, ती पॉलिकार्बोनेटमधील त्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या आसपास यावी. परिणामी खळग्यावरून आणि भोवतालच्या सपाटीवरून परतणारे किरण परस्परांना मारक ठरतात, प्रकाश मंदावतो, आणि ही मंदावणारी व उजळणारी चमक विद्युत्संकेतात रूपांतरित होते. तबकडीच्या पृष्ठावर आत शिरताना किरणाचा ठिपका सुमारे ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि खळग्यांशी पोहोचेपर्यंत तो दोन मायक्रॉनांहूनही लहान होतो. म्हणूनच पृष्ठावरचा धुळीचा कण वाचनाच्या आड सहसा येत नाही. तबकडी मात्र कधीच पूर्णपणे सपाट नसते. फिरताना ती अर्ध्या मिलिमीटरापर्यंत खालीवर हलली तरी संहितेच्या दृष्टीने ती निर्दोषच, आणि तेवढ्या हेलकाव्यात भिंगाने आपला रोख मायक्रॉन-दोन मायक्रॉनांच्या मर्यादेत राखून, शिवाय रेषेवरून न ढळता, दर मिनिटाला शेकडो फेऱ्यांचा पाठलाग करावयाचा असतो. तारेच्या सूक्ष्म वेटोळ्यांवर तोललेले ते इवलेसे भिंग हे काम तासन्‌तास करते.

तरीही चुका होतातच. त्यांची तजवीज संहितेतच केलेली आहे, आणि तिचा पाया अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीत आहे. संगीताचे अंक तबकडीवर जसेच्या तसे ओळीने मांडत नाहीत. त्यांच्या जोडीला पडताळ्याचे अंक घालतात आणि मग एका क्षणाचे अंक रेषेवर दूरदूर विखरून टाकतात. तलाठ्याच्या दप्तरातील सातबाऱ्याचे एखादे पान वाळवीने खाल्ले, तरी फेरफाराच्या नोंदवहीवरून आणि खातेउताऱ्यावरून त्या जमिनीचा तपशील जसा पुन्हा उभा करता येतो, तसा या विखुरलेल्या पडताळ्यांवरून हरवलेला अंक पुन्हा उभा केला जातो. अंदाजाने नव्हे, तंतोतंत. रेषेवर सलग अडीच मिलिमीटरांपर्यंतची हानी अशा रीतीने पूर्णपणे भरून निघू शकते. त्यापलीकडे गेल्यास यंत्र शेजारच्या अंकांवरून मधला अंक कल्पून घेते, आणि तेही अशक्य झाले म्हणजे क्षणभर गप्प बसते किंवा अडखळते.

ही गोष्ट नीट ध्यानात घेतली म्हणजे विक्रेत्यांच्या पुष्कळ वक्तृत्वातील हवा निघून जाते. सुस्थितीतील तबकडीवरचे अंक साधा प्लेअरही अचूक वाचतो आणि लाखांचा प्लेअरही अचूक वाचतो. अंक तेच असतील तर 'अधिक सखोल वाचन' या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. मग भारी यंत्रणेसाठी पैसे का मोजावेत? जपानच्या टीॲक कंपनीने १९८० च्या दशकात सिद्ध केलेल्या आणि तिच्या एसोटेरिक या नाममुद्रेखाली आजही बनणाऱ्या व्हीआरडीएस यंत्रणेत तबकडीएवढ्याच रुंदीची धातूची चकती तबकडीला पूर्णपणे दाबून धरते, त्यामुळे तिचे वाकणे नाहीसे होते आणि भिंगाला पाठलागाचे कष्ट कमी पडतात. सीईसी या जपानी कंपनीने ग्रामोफोनच्या धर्तीवर पट्ट्याने फिरणारी आणि वरून जड वजन ठेवण्याची यंत्रणा केली. फिलिप्सच्या आरंभीच्या यंत्रणांमध्ये ओतीव धातूच्या सांगाड्यावर बसवलेला हात काचेच्या भिंगासह कंसाकार झुलत असे. पुढे स्वस्ताईच्या ओघात त्यांची जागा प्लास्टिकने घेतली. या सर्वांचे खरे श्रेय असे की, ती यंत्रे शांत चालतात, वाकड्या व जुन्या तबकड्या पचवतात, आणि त्यांतले झिजणारे भाग हळू झिजतात. मंद्रातल्या आलापात, खोलीत दुसरा आवाज नसताना, तबकडीची घरघर ऐकू येणे ही काही लहान पीडा नाही. भारी यंत्रणेवरचा खर्च मला याच कारणासाठी न्याय्य वाटतो.

अंक वाचून झाले की त्यांचे पुन्हा स्वरात रूपांतर करावे लागते, आणि येथे इतिहासाचा एक मनोरंजक भाग येतो. तबकडीवर प्रत्येक सेकंदाला, प्रत्येक वाहिनीसाठी, ४४,१०० नमुने असतात. हा अंक अनेकांना गूढ वाटतो, परंतु त्याचे मूळ व्हिडिओ टेपमध्ये आहे. अंकीय मुद्रणाचा पसारा साठवण्यास त्या वेळी व्हिडिओ टेपखेरीज सोयीचे साधन नव्हते. अमेरिकी व जपानी पद्धतीच्या चित्रात प्रत्येक क्षेत्राच्या २४५ रेषा वापरून, प्रत्येक रेषेत तीन नमुने बसवून, सेकंदाला ६० क्षेत्रे घेतली म्हणजे ४४,१०० होतात, आणि युरोपीय पद्धतीत २९४ रेषा, तीन नमुने व ५० क्षेत्रे यांचाही गुणाकार तोच येतो. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या सिद्धांतानुसार एवढ्या नमुन्यांत २२,०५० हर्ट्‌झपर्यंतचे स्वर निःशेष सामावतात, आणि मनुष्याच्या कानाची मर्यादा, तीही तरुणपणी, २०,००० हर्ट्‌झच्या आसपास संपते. पन्नाशी उलटलेल्या ज्या गृहस्थांच्या खिशात असे यंत्र घेण्याइतके पैसे असतात, त्यांच्या कानांची मर्यादा त्याच्या पुष्कळच खाली उतरलेली असते, हा निसर्गाचा एक कठोर विनोद आहे.

प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांतील एक. फिलिप्सचा आरंभीचा आग्रह १४ बिटांचा होता, कारण तिच्याजवळ तेवढ्याच ताकदीची चिप तयार होती. सोनीच्या आग्रहाने १६ ठरले. तेव्हा फिलिप्सच्या अभियंत्यांनी एक चतुर मार्ग काढला: नमुन्यांची संख्या गणिताने चौपट करावयाची, ती १४ बिटांच्याच चिपला द्यावयाची, आणि उरलेल्या चुकीचा गोंगाट कानापलीकडच्या वारंवारतांत ढकलून द्यावयाचा. या युक्तीने १६ बिटांची गुणवत्ता तर साधलीच, शिवाय २२ किलोहर्ट्‌झच्या वर एकदम कडा तुटावा तशी उतरणारी, अवघड सदृश (ॲनालॉग) गाळणी लावण्याची गरजही संपली. सोनीच्या पहिल्या यंत्रात तशी गाळणी होती, आणि दोन्ही वाहिन्यांना मिळून एकच चिप पाळीपाळीने वापरल्यामुळे डावा व उजवा स्वर परस्परांपासून सुमारे ११ मायक्रोसेकंदांनी पुढेमागे होत असे. सीडीचा आवाज रुक्ष असतो ही जी तक्रार त्या काळी रूढ झाली, तिचा काही दोष अशा यंत्रांकडे आणि बराचसा दोष ग्रामोफोनसाठी सिद्ध केलेल्या मूळ फिती तशाच तबकडीवर उतरवणाऱ्या कंपन्यांकडे जातो. इंग्लंडमधील मेरिडियनसारख्या लहान कारखान्याने तर फिलिप्सचेच यंत्र घेऊन, त्यातील विद्युत्‌मंडले सुधारून, ते आपल्या नावाने विकले, आणि तेथून 'उंची सीडी प्लेअर' ही स्वतंत्र जात सुरू झाली असे म्हणता येईल.

त्यानंतरच्या चिपांची वंशावळ पाठ असणारे लोक आहेत. फिलिप्सची १९८५ ची टीडीए-१५४१, तिच्यातली मुकुटाची खूण असलेली निवडक प्रत, मग बर-ब्राउनच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रोधकजालाच्या चिपा, मग एका बिटाच्या पद्धती, आणि आजच्या ईएसएस व असाही कासेई यांच्या चिपा. यांतील जुन्या चिपांविषयी बाजारात जो भक्तिभाव आहे, तो मी आदराने पाहतो, परंतु त्यात सामील होत नाही. आजची सामान्य किमतीची चिपही सोळा बिटांच्या तबकडीवर जे आहे ते सगळे, आणि त्याहून पुष्कळ अधिक, बाहेर काढू शकते. फरक पडतो तो चिपच्या भोवती: वीजपुरवठा किती निर्मळ आहे, नमुन्यांना ताल देणारे घड्याळ किती स्थिर आहे, आणि बाहेर पडणारा संकेत पुढच्या अँप्लिफायरला न दबता पोहोचतो की नाही. चिपवर सगळी भिस्त ठेवणे कसे अंगाशी येते याचा दाखला २० ऑक्टोबर २०२० रोजी मिळाला. त्या दिवशी जपानच्या मियाझाकी प्रांतातील नोबेओका येथील असाही कासेईच्या कारखान्याला आग लागली, आणि जगभरच्या नामांकित कंपन्यांना आपले प्लेअर आणि अंकांचे स्वर करणाऱ्या इतर पेट्या यांचे आराखडे दुसऱ्या चिपांवर नव्याने मांडावे लागले.

येथेच एक पेटी घ्यावी की दोन, हा बखेडा उपस्थित होतो. एक पेटी केवळ तबकडी वाचणारी, जिला ट्रान्सपोर्ट म्हणतात, आणि दुसरी अंकांचे स्वर करणारी, म्हणजे डॅक, अशी फोड १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रूढ आहे. तत्त्वतः एका पेटीत घड्याळ आणि चिप शेजारी असल्यामुळे तीच अधिक निर्दोष ठरावी, आणि दोन पेट्यांमधल्या तारेतून तालाची सूक्ष्म थरथर शिरण्याचा धोकाही खरा आहे. परंतु आजचे चांगले डॅक आलेले अंक स्वतःच्या घड्याळाने पुन्हा तालात बसवतात, त्यामुळे ही भीती पुष्कळ ओसरली आहे. व्यवहाराच्या दृष्टीने माझे मत दोन पेट्यांकडे झुकते. तंत्र बदलते ते डॅकचे, मरतो तो ट्रान्सपोर्ट. दोघांना एकाच शवपेटीत बसवण्याचे कारण नाही. ज्यांना एकच पेटी हवी असेल त्यांनी निदान तिला डॅक म्हणून बाहेरून अंक देता येतात की नाही, म्हणजे मागच्या बाजूला तसे प्रवेशद्वार आहे की नाही, एवढे पाहून घ्यावे. तसे असल्यास यंत्रणा मेल्यावरही पेटीचा अर्धा भाग कामाला येतो.

सुपर ऑडिओ सीडी हा पर्याय १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्स या त्याच दोन कंपन्यांनी आणला. त्यात एका बिटाचे नमुने सेकंदाला २८,२२,४०० वेळा घेतात, आणि पहिला प्लेअर, सोनीचा एससीडी-१, सुमारे २६ किलो वजनाचा होता. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा ज्यांचा संग्रह आहे त्यांनी हा पर्याय अवश्य घ्यावा, कारण त्या क्षेत्रात अशा तबकड्या अजून निघतात; ज्यांचे कपाट हिंदुस्थानी संगीताने, नाट्यपदांनी आणि भावगीतांनी भरलेले आहे, त्यांना त्यासाठी जादा रक्कम मोजण्याचे प्रयोजन फारसे नाही. या तबकड्या अधिक चांगल्या वाजतात काय? अमेरिकेतील ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये ध्वनिअभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असा संकेत साध्या सीडीच्या मापातून मुद्दाम गाळून काढला आणि श्रोत्यांना, कोणता कोणता हे न सांगता, दोन्ही ऐकवले. साडेपाचशेच्या वर कसोट्यांत बरोबर उत्तरे निम्म्याच्या आसपास आली, म्हणजे नाणे उडवून जेवढी यावीत तेवढीच. त्याच लेखकांनी असेही नमूद केले की, प्रत्यक्षात अशा पुष्कळ तबकड्या कानाला सरस वाटतात, कारण त्यांचे मुद्रण आणि अंतिम संस्करण करताना अधिक मेहनत घेतलेली असते. वादाचे दोन्ही पक्ष हा निष्कर्ष आपापल्या सोयीने अर्धाच उद्धृत करतात.

दुकानात ऐकून निवड करू पाहणाऱ्याने एका सापळ्याची माहिती ठेवावी. सीडी प्लेअरचा बाहेर पडणारा संकेत सर्वसाधारणपणे दोन व्होल्टांचा असतो. पण महागड्या यंत्रांत तो अडीच व्होल्टांचाही आढळतो, आणि संतुलित जोडणीने घेतल्यास चार व्होल्टांपर्यंत जातो. दोन आणि अडीच यांत सुमारे दोन डेसिबलांचे अंतर पडते. एवढा चढा आवाज श्रोत्याला 'मोठा' वाटत नाही, 'अधिक स्पष्ट, अधिक भारदस्त' वाटतो, आणि दुकानदाराच्या मनात तिळमात्र कपट नसतानाही निकाल महाग यंत्राच्या बाजूने लागतो. तुलना करावयाचीच तर स्पीकरच्या अग्रांवर व्होल्टमीटर लावून, चाचणीच्या तबकडीवरील स्थिर सूर वाजवून, दोन्ही यंत्रांचा आवाज समसमान करून घ्यावा. साध्या मीटरला ४०० हर्ट्‌झच्या आसपासचा सूर हजाराच्या सुरापेक्षा अधिक मानवतो. मग कोणते यंत्र चालू आहे हे दुसऱ्याला ठरवू द्यावे. एवढी शिस्त पाळल्यानंतरही फरक राहिला तर तो खरा, आणि त्याची किंमत द्यावी. बहुतेकांच्या बाबतीत तो फारसा उरत नाही, आणि मग उरलेली रक्कम स्पीकरवर खर्च करावी, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

ऐकण्यासाठी नेण्याच्या तबकड्यांत आपल्या आवडीची, पाठ झालेली, संथ लयीच्या ख्यालाची एक तबकडी असावी. ग्रामोफोनच्या दीर्घवादन तबकडीच्या एका बाजूवर वीसपंचवीस मिनिटे मावत, आणि विलंबित ख्यालाला तेवढ्यात आटोपते घ्यावे लागे किंवा मध्येच बाजू पालटण्यासाठी उठावे लागे. तासाहून अधिक अखंड वादनाची सोय सीडीने दिली. ७४ मिनिटे ही मर्यादा बीथोव्हनची नववी सिंफनी मावावी म्हणून ठरली अशी आख्यायिका आहे, आणि फिलिप्सचे त्या वेळचे अभियंता केस इमिंक यांनी तिच्यावर अविश्वास दर्शवलेला आहे. कारण काहीही असो, लाभ आपल्या गवयांनाही झाला. तंबोऱ्याचा झणत्कार आवर्तनभर एकसंध टिकतो की नाही, बायाचा घुमारा आणि चाटेवरची टोकदार अक्षरे एकमेकांत मिसळतात की वेगळी राहतात, याची पारख अनोळखी पाश्चात्त्य नमुन्यांपेक्षा येथे लवकर होते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदे मात्र चाचणीस नेऊ नयेत. त्यांतली खरखर मूळ तबकडीतली आहे, ती कोणतेही यंत्र पुसणार नाही, आणि चांगले यंत्र ती अधिक इमानाने ऐकवील.

सुरुवातीच्या काळातील काही तबकड्यांत, विशेषतः जपानी छपाईच्या, उंच स्वर मुद्दाम चढवून मुद्रित केलेले असतात आणि प्लेअरने तबकडीवरील खूण ओळखून ते पुन्हा उतरवावेत अशी अपेक्षा असते. जुने प्लेअर हे मुकाट्याने करीत. आजचे काही ट्रान्सपोर्ट आणि डॅक ती खूण पाळत नाहीत, आणि ऐकणारा तबकडी 'फार तीक्ष्ण' म्हणून दोष देत बसतो. संग्रह जुना असेल तर अशी एखादी तबकडी दुकानात नेऊन पाहणे श्रेयस्कर.

आता मुख्य मुद्दा. उंची प्लेअर बनवणाऱ्या कारखान्यांपैकी बहुतेक जण तबकडी वाचणारी यंत्रणा स्वतः बनवीत नाहीत. ती ते फिलिप्स, सोनी, सॅनियो यांसारख्या मोठ्या उत्पादकांकडून विकत घेत आले, आणि त्या उत्पादकांना जेव्हा हा व्यवसाय किफायतशीर वाटेनासा झाला तेव्हा त्यांनी एकामागून एक यंत्रणा बंद केल्या. फिलिप्सची सीडी-प्रो-२ ही यंत्रणा अनेक युरोपीय कंपन्यांच्या सर्वांत महाग प्लेअरांत बसवलेली होती. तिचे उत्पादन थांबले, आणि ज्या मालकांनी मोटारीच्या किमतीची पेटी घेतली होती ते जुन्या बाजारात तिचे सुटे भाग धुंडाळू लागले. ग्लासगोच्या लिन कंपनीने २००९ अखेर सीडी प्लेअर बनवणे बंद करण्याचे जाहीर केले. सर्व प्रकारच्या तबकड्या वाजवणारी आणि रास्त दरामुळे लोकप्रिय झालेली ओप्पो डिजिटल २०१८ मध्ये नवी उत्पादने थांबवून बाजूला झाली. उलट एसोटेरिक आपली यंत्रणा स्वतः बनवते. योकोहामाची ॲक्युफेज आणि जपानचीच डेनॉन यांचाही सुटे भाग दीर्घकाळ राखण्याविषयी लौकिक चांगला आहे. काही कारखाने संगणकातली साधी डीव्हीडी-रॉम यंत्रणा चक्क आपल्या उंची पेटीत बसवतात, आणि रसिक त्यांना नाक मुरडतात. मला त्यात शहाणपण दिसते, कारण तशी यंत्रणा अल्प खर्चात पुन्हा मिळू शकते.

लेझर हा झिजणारा भाग आहे. वर्षानुवर्षांच्या वापराने त्याची चमक मंदावते; यंत्र तबकडी ओळखण्यास वेळ लावू लागते, मग घरी लिहिलेली सीडी-आर नाकारते, मग लांब तबकडीच्या शेवटच्या, कडेजवळच्या भागात अडखळते. जुना प्लेअर विकत घेताना याच क्रमाने त्याची परीक्षा घ्यावी. ट्रे मध्येच थांबत असेल तर घाबरू नये. बहुधा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो आणि तो काही रुपयांत बदलतो. भिंगावर बाष्प आणि धूळ बसणे हा कोकणपट्टीवरील आणि मुंबईच्या पावसाळ्यातील नित्याचा आजार. कारागिराने हलक्या हाताने भिंग पुसल्यावर पुष्कळ 'मेलेली' यंत्रे उठून बसतात.

जपानी घरगुती बाजारातून आलेले जुने यंत्र स्वस्तात मिळते, पण ते १०० व्होल्टांचे असते, आणि आपल्याकडील २३० व्होल्टांवर सरळ जोडल्यास ते पहिल्याच क्षणी जळते. त्यासाठी योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो यंत्रापासून हातभर दूर ठेवावा लागतो. वारंवारतेची चिंता नको. टोकियोकडील वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्‌झची असते आणि ओसाकाकडील ६० हर्ट्‌झची, म्हणून तेथील यंत्रे दोन्हींवर चालतील अशीच बनवलेली असतात.

नव्या यंत्राच्या खरेदीत विक्रेत्याशी जी घासाघीस होते, ती सवलतीच्या टक्केवारीवर न खर्चता पिकअपवर, म्हणजे लेझर आणि भिंग यांच्या जोडावर, खर्चावी. यंत्रणेचा आणि पिकअपचा क्रमांक विचारून घ्यावा, तो पावतीवर लिहून घ्यावा, आणि शक्य असल्यास एक सुटा पिकअप त्याच वेळी विकत घेऊन, स्थिर विजेपासून जपणाऱ्या त्याच्या मूळ पिशवीतच, कोरड्या जागी ठेवून द्यावा. तो बसवण्याची वेळ येईल तेव्हा कारागिराला एक आठवण मात्र करून द्यावी: कित्येक पिकअपवर लेझरच्या रक्षणासाठी कारखान्याने डाखाचा एक बारीक ठिपका घातलेला असतो, तो जोडणीनंतर काढावा लागतो, आणि तसाच राहिला तर नवा पिकअपही जुन्यासारखाच मुका राहतो.